‘मारलं’ एवढाच शब्द : एका अवघड तासाची तयारी

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. ‘माणसाला मारणं कधी योग्य असू शकतं का’ हा विषय दरवर्षी एकदा तरी वर्गात निघतोच. कधी वक्तृत्व स्पर्धेमुळे, कधी आदल्या रात्रीच्या बातम्यांमुळे. सुरुवातीची काही वर्षं मी तो सरळ वादविवादाला लावायची. खिडकीकडची रांग अनुकूल, दाराकडची प्रतिकूल. पंचेचाळीस मिनिटं नुसता कल्ला व्हायचा आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकायचा. आता तास वेगळ्या पद्धतीनं घेते. कुणाला घ्यायचा असेल तर ही घ्या पद्धत.

पहिली दहा मिनिटं फक्त शब्दांना द्या. फळ्यावर लिहा : अफजलखानाचा... वर्ग एका सुरात म्हणतो, ‘वध’. इंग्रज प्लेग अधिकारी रँडचा... इथे दोन-तीन आवाज निघतात. गांधीजींची... ‘हत्या’, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘वध’ म्हणतं, शेजारचा त्याला कोपर मारतो. पेपरात आलेल्या सावकाराचा ‘खून’. गुंडाचा ‘एन्काउंटर’, आणि तोही बहुतेकदा नुसता ‘झाला’, पाऊस पडावा तसा. कुणी केला ते वाक्यात नसतंच. मुलांना दाखवून द्या की आपल्या भाषेत निकाल आधी लागतो आणि खटला नंतर चालतो. मग सगळं पुसा आणि सांगा, या तासात एकच क्रियापद : मारलं. क नं ख ला मारलं. चुकून ‘वध’ म्हणेल त्यानं वाक्य पुन्हा म्हणायचं. हा नियम तुम्हीही पाळा. मला अजून जड जातं.

पहिलं उदाहरण प्रतापगडाचं घेऊ नका. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख मुलांना पाठ असते आणि उत्तर चौथीतच ठरलेलं असतं. आधी वार कुणी केला याबद्दल बखरी आणि फारसी साधनं एकसारखं सांगत नाहीत, एवढं म्हटलं तरी वर्ग तापतो आणि पुढचं कुणी ऐकत नाही. ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा.

सुरुवात अशा लोकांपासून करा जे वर्गात कुणाचेच कुणी लागत नाहीत. मी ‘मिन्योनेट’ची गोष्ट सांगते. १८८४ साली ही इंग्लिश नौका ऑस्ट्रेलियाला निघाली आणि दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. छोट्या होडीत चौघं उरली : कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा पार्कर. खायला सलगमाचे दोन डबे, वाटेत सापडलेलं एक कासव. प्यायला पाणी नाही. जवळपास तीन आठवड्यांनी पार्कर समुद्राचं पाणी पिऊन निपचित पडला होता, तेव्हा डडली आणि स्टीफन्स यांनी त्याला मारलं आणि तिघांनी त्याच्यावर दिवस काढले. चौथ्या दिवशी जहाज दिसलं. इथे थांबा, काही विचारू नका. कुणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, चारच दिवस थांबायला पाहिजे होतं.’ आणि कुणीतरी उलटतं, ‘त्यांना कुठं माहीत होतं?’ तास इथे सुरू होतो. पार्करला कुणी विचारलं का, चिठ्ठ्या का टाकल्या नाहीत, तो तसाही मरणारच होता याला अर्थ आहे का, हे सगळं मुलं स्वतः काढतात. निकाल मागाहून सांगा : कोर्टानं दोघांना दोषी धरून फाशी सुनावली आणि मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. म्हणजे कोर्ट म्हणालं चूक, आणि सरकार म्हणालं, कळतंय आम्हाला.

यानंतर फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढा. एका टोकाला लिहा ‘धोका सुरू’, कुठेतरी मध्ये ‘धोका संपला’. बाकी सगळा तास या रेघेवरच होतो. ‘बरोबर की चूक’ असं विचारायचं नाही. ‘वार रेघेवर कुठे पडला’ असं विचारायचं.

कायदाही असंच विचारतो, म्हणून तो थोडा सांगा, पण थोडाच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड असं काही होत असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. पण हा हक्क भीती असेपर्यंतच. गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्कच नाही. मुलं वहीत कलमांचे आकडे लिहू लागतात, तेव्हा पेन खाली ठेवायला सांगा.

इथे घरचं उदाहरण लागतं. मी आमच्या गावचं सांगते. मी सातवीत होते. उन्हाळ्याचे दिवस, माणसं अंगणात निजलेली. पाटाकडेच्या घरात रात्री माणूस शिरला, हातात कोयता. घरमालकानं अंधारात काठी घातली, कोयता खाली पडला. आरडाओरडा झाला, सगळी आळी गोळा झाली. त्याला लिंबाच्या झाडाला बांधलं. बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड दिसत होतं, वरचा ओठ फाटलेला. पाणी मागत होता. पाऊण तास चाललं ते. सकाळी तालुक्याला नेईपर्यंत गेला. गावात आजही ‘चोर मेला’ म्हणतात. ‘मारला’ कुणी म्हणत नाही.

मुलांना रेघेवर खूण करायला सांगा. जवळजवळ सगळी ‘कोयता पडला’ तिथे खूण करतात. एखादा म्हणतो, बांधल्यावर. खुणा जवळजवळ आल्या की मुलांना वाटतं प्रश्न सुटला. मग रँड काढा.

२२ जून १८९७, पुणे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत, देवघरांत शिरले होते, बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी होत्या. तो राग खराच होता. पण मे अखेरीस साथ आटोक्यात आली होती. गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे’ ही खूण झाली, दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी मागच्या गाडीतल्या लष्करी अधिकारी आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. वर्गाला विचारा, आयर्स्टची खूण कुठे? इथे शांतता होते. माझं मत मी लपवत नाही : माझ्या रेघेवर हे दोन्ही वार धोका संपल्यानंतरचे आहेत. यावरून स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं, गुलामगिरीत धोका संपतच नाही, तुमची रेघ फक्त स्वतंत्र देशात चालते. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, आणि मी ते वर्गातही कबूल करते.

सरांचा मुद्दा पुरता समजतो तो नागपूरच्या उदाहरणात. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच मारलं. तो पोलिसांच्या ताब्यात होता, म्हणजे कायद्याच्या हिशेबानं धोका शून्य. पण वर्षानुवर्षं वस्तीवर अत्याचार करणारा हा माणूस पुन्हा जामिनावर सुटणार अशी वस्तीची खात्री होती. ‘पोलिसांकडे जायला वेळ होता’ ही अट तिथे कशी लावायची? वेळ होता. पोलीसही होते. ते ऐकत नव्हते, ही वस्तीची तक्रार होती. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. बारावीतल्या मुली या उदाहरणाला मुलांपेक्षा वेगळ्या खुणा करतात. त्यांना बोलू द्या, मध्ये पडू नका.

काही गोष्टी तास बिघडवतात. रेल्वेचे रूळ आणि पाच माणसं, एकाला मरू देऊन पाचांना वाचवायचं का, हे कोडं मुलांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं. ते आलं की गणित सुरू होतं आणि माणसं गायब होतात. बाजूला ठेवा. इच्छामरणाला वेगळा तास द्या. गीता निघतेच. तिथे वाद न घालता अश्वत्थामा पुढे करा : युद्ध संपलंय, रात्र आहे, द्रौपदीची मुलं झोपलीत. महाभारतालाही रेघ ठाऊक होती. आणि तासाच्या आदल्या दिवशी हजेरीपटावरून नजर फिरवा. कुणाच्या घरात असं काही घडलेलं असेल, तर त्या मुलाला आधीच बाजूला घेऊन विषय सांगा आणि न येण्याची मोकळीक द्या. ही चूक मी एकदा केली आहे.

शेवटी बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकानं आडवी रेघ काढून एका प्रसंगाची खूण करायची. त्या वर्गात वाचू नका, घरी न्या. मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. एका वर्षी एका चिठ्ठीवर रेघ नव्हती, नुसतं विचारलं होतं : ‘मॅडम, त्या रात्री बॅटरी कुणी धरली होती?’

मी गोष्ट सांगताना ते कधीच सांगत नसे. पुढच्या तासाला सांगितलं.