लंडनच्या अभ्यासदौऱ्याला निघताना पेन्सिल विसरू नका

साहित्याच्या अभ्यासासाठी लंडनला निघालेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनो, सॅकमध्ये दोन-तीन पेन्सिली आठवणीने टाका. ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षात पेन चालत नाही. वही, पेन्सिल, लॅपटॉप पारदर्शक पिशवीतून न्यायचं, सॅक लॉकरमध्ये ठेवायची. आत जायला रीडर पास लागतो. त्याची कागदपत्रं नांदेड-लातूरहून निघण्याआधीच जुळवा. तिथे गेल्यावर धावपळ नको. पास जमला नाही तरी हिरमुसू नका. तिथलं ट्रेझर्स दालन सगळ्यांना मोफत आहे आणि काचेआडची मूळ हस्तलिखितं बघताना पाय निघत नाही.

तिथून चालत विसेक मिनिटांवर ४८, डाउटी स्ट्रीट. चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ या घरात राहिला. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा बराच भाग इथेच लिहिला. आता तिथे संग्रहालय आहे. ते रोज उघडं नसतं, वार बघून जा. आदल्या रात्री त्या कादंबरीची दोन प्रकरणं वाचा, मग त्या खोल्या वेगळ्याच दिसतात.

आणि विमानात बसण्याआधी एक दिवस अंबाजोगाईसाठी काढा. दासोपंतांनी चक्क कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी तिथली. बघायला मिळेल का, ते आधी विचारून जा.