मध्यम तंतूंवर काम सुरू करताना

एम.एस्सी. करून पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांनी अ‍ॅक्टिन आणि सूक्ष्मनलिका या पेशीच्या सांगाड्यातल्या धाग्यांबद्दल बरेच वाचलेले असते, त्याच सांगाड्यातल्या तिसऱ्या प्रकारच्या धाग्यांची, म्हणजे मध्यम तंतूंची, मात्र जेमतेम तोंडओळख असते. केराटिन या मध्यम तंतूंच्या एका प्रथिनावर काम करताना माझे मत असे झाले आहे की, हे तंतू समजून घ्यायचे तर आधी ती पेशी कोणता ताण सोसते ते पाहावे.

अ‍ॅक्टिनचा तंतू साधारण 7 नॅनोमीटर जाडीचा, सूक्ष्मनलिका 25 नॅनोमीटरची आणि हे त्यांच्या मधले, सुमारे 10 नॅनोमीटरचे. माणसात त्यांची जवळपास 70 जनुके आहेत आणि कोणत्या पेशीत कोणते प्रथिन हे बहुतांशी ठरलेले असते: त्वचेत केराटिन, स्नायूंत डेस्मिन, चेतापेशींत न्यूरोफिलामेंट, तर केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन. म्हणूनच गाठ मूळची कोणत्या ऊतकातली, हे ठरवताना पॅथॉलॉजिस्ट या प्रथिनांची मदत घेतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगातील केराटिनांवर झालेले काम नवख्यांनी अवश्य वाचावे. एरवी एकथरी अभिस्तर ऊतकात (अवयवांच्या आतल्या अस्तरात) आढळणारी केराटिन 8 आणि 18 तिथे नको त्या पेशींत दिसू लागतात.

रचनेतली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात आणि अशा दोन जोड्या उलट दिशांनी शेजारी बसतात, त्यामुळे तंतूची दोन्ही टोके सारखीच राहतात. सूक्ष्मनलिकेवर कायनेसिन हे माल वाहणारे प्रथिन जसे दिशा धरून चालते, तसे यावर चालणारे प्रथिन माहीत नाही, आणि तंतू जुळायला एटीपी किंवा जीटीपी हे ऊर्जा देणारे रेणूही लागत नाहीत. वाहतुकीचा रस्ता होण्यापेक्षा ताण सोसणे, हेच याचे मुख्य काम.

ते किती मोलाचे आहे, हे त्वचेच्या एका आनुवंशिक आजारात दिसते. त्वचेच्या सर्वांत खालच्या थरात केराटिन 5 आणि 14 जोडीने असतात. त्यांपैकी एकात बिघाड झाला, तर नुसत्या घासण्यानेही त्या थरातल्या पेशी आतूनच फाटतात आणि अंगावर फोड येतात. हा संबंध 1991 मध्ये उघड झाला, आणि तंतूंचे यांत्रिक काम त्यातून ठामपणे सिद्ध झाले, असे मी मानतो.

प्रत्यक्ष कामात केराटिनच्या रंजनासाठी उणे 20 अंशांच्या मिथेनॉलने पेशी स्थिर केल्यास जाळे बहुधा स्वच्छ दिसते. हे तंतू डिटर्जंट आणि भरपूर मिठातही विरघळत नाहीत. तेव्हा वरचा द्रव तपासून तळाचा साका टाकून देऊ नये, कारण प्रथिन साक्यातच असते आणि ते 8 मोलर युरियात विरघळते. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (वस्तुमानावरून प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीच्या) नमुन्यात स्वतःच्या त्वचेचे केराटिन हमखास मिसळते, म्हणून हातमोजे शेवटपर्यंत घालावेत. संवर्धनात वाढवलेल्या बऱ्याच पेशी, अगदी हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशीसुद्धा, केराटिनसोबत व्हायमेंटिन हे एरवी संयोजी ऊतकात आढळणारे मध्यम तंतूंचे प्रथिनही बनवतात. तेव्हा मूळ ऊतकाचे छेद शेजारी रंगवून पाहिल्याशिवाय व्हायमेंटिनवरून कोणताही निष्कर्ष लिहू नये.