इन्फरन्सचा प्रश्न आणि मराठीतला 'च'

२०१८ च्या यूपीएससी पूर्व परीक्षेत सीसॅटला, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताच्या दुसऱ्या पेपरला, मला ६३.३३ गुण पडले. पात्र व्हायला ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ लागतात. ८० प्रश्नांपैकी ६० सोडवले होते, ३४ बरोबर आणि २६ चूक. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. हिशेब करून बघा. त्या २६ मधला एकच प्रश्न बरोबर आला असता तरी मी पास होते. इतकंच काय, चार प्रश्न नुसते कोरे सोडले असते तरी पास होते.

हा हिशेब मी पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत, कॉटवर बसून, तीनदा केला. मग चुकलेले प्रश्न वेगळे काढले. २६ पैकी १५ उताऱ्यांवरचे होते, आणि त्यातले बहुतेक एकाच जातीचे: या उताऱ्यावरून सर्वांत तर्कसंगत अनुमान कोणतं? इन्फरन्स.

मी लातूर जिल्ह्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे ज्याला विचारावं तो एकच सल्ला द्यायचा, "तुझं इंग्रजी कच्चं आहे, शब्द पाठ कर." अप्पा बळवंत चौकातून शब्दांची दोन जाडजूड पुस्तकं आणली होती आणि पहिलं वर्षभर रोज वीस शब्द पाठ केले होते. पण ते १५ उतारे पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं की मला अडलेले शब्द सगळे मिळून सात-आठ होते. म्हणजे उतारा कळला होता आणि उत्तर चुकलं होतं. आज जी मुलं-मुली सदाशिव पेठेत, नवी पेठेत नव्याने येतात, त्यांना मी हेच आधी तपासायला सांगते. चुकलेला उतारा सावकाश वाचा, आशय मराठीत कुणाला तरी सांगा. सांगता आला तर दुखणं इंग्रजीचं नाही, आणि शब्द पाठ करून ते बरं होणार नाही.

माझं दुखणं कुठे होतं ते मला मेसमध्ये उमगलं. आमच्या मेसच्या मावशी ताट वाढताना म्हणाल्या, "आज तरी वेळेवर आलीस गं." मी हसून बसले, पण जेवताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मावशींनी मला उशिरा येतेस असं म्हटलंच नव्हतं, तरी ते मला पक्कं कळलं होतं. 'तरी' या दोन अक्षरांनी सांगितलं होतं. यातून नक्की काय निघतं? एवढंच, की याआधी मी कधीतरी उशिरा आले होते आणि ते मावशींच्या लक्षात आहे. मी रोजच उशिरा येते, हे निघत नाही. मावशी माझ्यावर चिडल्या आहेत, हेही निघत नाही. चिडल्या असतीलही, पण वाक्यात ते नाही. आणि उद्यापासून मी वेळेवर यायला हवं, हा तर माझ्या मनातला विचार, त्यांच्या तोंडचा नव्हे.

मला त्या क्षणी परीक्षेतले चार पर्याय समोर दिसले. एक निघणारा, एक वाढवून सांगितलेला, एक मनातला, एक सल्ला देणारा. सीसॅटच्या पेपरमध्ये मी वर्षभर सल्ला देणारा पर्याय निवडत आले होते.

हे जरा उलगडून सांगते, कारण मराठी माध्यमातून आलेले आणि सामान्य अध्ययनाचा भरपूर अभ्यास केलेले सगळ्यात जास्त इथेच अडकतात. सरावासाठी मी मुलांना स्वतः रचलेला एक छोटा उतारा देते. त्याचा आशय असा: एका शहराने काही भागांत घरोघरी पाण्याचे मीटर बसवले. त्यानंतरच्या वर्षात तिथला घरगुती पाणीवापर कमी झाला, जरी पाण्याचा दर तोच राहिला होता. मीटर नसलेल्या भागांत वापर कमी झाला नाही. आता पर्याय. अ, पाण्याच्या दराचा वापरावर काही परिणाम होत नाही. ब, पाणी वाचवण्यासाठी सर्व शहरांनी मीटर बसवले पाहिजेत. क, दर न वाढताही पाण्याचा वापर कमी होऊ शकतो. ड, मीटर येण्यापूर्वी लोक जाणूनबुजून पाणी वाया घालवत होते.

खोलीत दहा जण असले तर पाच-सहा हात 'ब'ला वर होतात. का, तर 'ब' चांगला आहे. मुख्य परीक्षेच्या उत्तरात तो उपाय म्हणून लिहिला असता तर शोभला असता. पण उतारा एका शहराबद्दल बोलतो, आणि काय केलं पाहिजे याबद्दल तर एक शब्द बोलत नाही. 'अ' घेणाऱ्यांचं म्हणणं असतं, दर तोच राहिला ना, मग दराचा संबंध नाही. पण दर हललाच नाही, तर तो हलला असता तेव्हा काय झालं असतं हे उताऱ्याला कसं ठाऊक? 'ड' लोकांच्या मनात शिरतो. उरला 'क'. तो इतका साधा आहे की मुलं म्हणतात, "ताई, हे तर उताऱ्यातच आहे, हे अनुमान कसलं?" बरोबर उत्तराची हीच खूण आहे. उताऱ्यापासून ते एकच पाऊल लांब असतं, आणि अर्ध्याहून जास्त वेळा ते फिकं दिसतं. 'होऊ शकतो', 'काही प्रमाणात', 'निदान एका बाबतीत' असे शब्द घेऊन येतं.

त्या उताऱ्यात आणखी एक जागा आहे. 'त्यानंतर' आणि 'त्यामुळे' यांतला फरक. मीटर बसल्यावर वापर कमी झाला, इतकंच लेखक म्हणतो. इंग्रजीत 'आफ्टर' किंवा 'फॉलोड बाय' लिहिलं असेल आणि पर्यायात 'कॉज्ड' आलं, तर थांबायचं. उताऱ्याने दोन भागांची तुलना दिली आहे, त्यामुळे मीटरचा संबंध असावा असं म्हणायला जागा आहे, पण 'मीटरमुळेच' म्हणायला नाही.

इथे तो 'च' येतो. माझ्या अनुभवात मराठी मुलांना इन्फरन्स शिकवायचं सगळ्यात धारदार हत्यार हेच एक अक्षर आहे. "मीटरमुळे वापर कमी झाला" आणि "मीटरमुळेच वापर कमी झाला" यांत किती अंतर आहे हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी प्रत्येक पर्याय मनात मराठीत म्हणून बघते आणि विचारते, इथे 'च' लपला आहे का? इंग्रजीत तो 'ओन्ली', 'ऑल', 'मस्ट', 'नेव्हर', 'आल्वेज' अशा वेषांत येतो. कधीकधी शब्दाशिवायही येतो. 'द कॉज' म्हटलं की एकमेव कारण, 'अ कॉज' म्हटलं की अनेकांतलं एक. आपल्या भाषेत 'द' आणि 'अ' नाहीत, म्हणून आपली नजर त्यांच्यावरून घसरून जाते. मी सहा महिने प्रत्येक 'द'भोवती पेन्सिलने टिंब दिलं, तेव्हा कुठे तो दिसायला लागला.

असेच दोन-तीन शब्द आपल्याकडच्या मुलांना हमखास नडतात. 'फ्यू फार्मर्स' म्हणजे 'काही शेतकरी' असं आपण वाचतो. ते 'अ फ्यू'. नुसतं 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीतच, आणि वाक्याचा रोखच उलटा होतो. 'हार्डली'चा 'हार्ड'शी, कष्टाशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ जवळजवळ नाहीच. आणि 'नॉट ऑल'. मराठीत "सगळे शेतकरी कर्ज काढत नाहीत" हे वाक्य दोन्हीकडे वळतं: कुणीच काढत नाही, किंवा सगळेच काढत नाहीत, काही काढतात. इंग्रजीतलं 'नॉट ऑल' फक्त दुसरं म्हणतं. मनात मराठी करताना 'सगळेच' असं 'च' लावून करा, घोळ मिटतो.

गृहीतकाचे प्रश्न वेगळे, पण नवीन मुलं दोन्ही एकाच मापाने मोजतात. अनुमान उताऱ्यातून पुढे निघतं, गृहीतक उताऱ्याच्या खाली असतं. खोलीचं कुलूप उघडं बघून मी म्हणाले, "ताई आल्या वाटतं," तर ताईंशिवाय दुसऱ्या कुणाकडे किल्ली नाही हे मी न बोलता धरून चालले आहे. ते खोटं ठरवा, माझं म्हणणं कोसळतं. पर्याय उलटा करून बघायचा आणि लेखकाचं म्हणणं पडतं का ते पाहायचं, गृहीतकाची परीक्षा एवढीच. अनुमानाला ही कसोटी लावू नका. तिथे एकच विचारायचं: उतारा खरा मानला, तर हा पर्याय खोटा असू शकतो का? असू शकत असेल तर सोडा.

मग मी एक वही केली. बरोबर उत्तर लिहून ठेवण्यात काही हशील नव्हतं, म्हणून चुकीचे तीन पर्याय का बाद झाले ते लिहायला लागले, तेही आपल्या शब्दांत: 'जास्त बोलला', 'बाहेरचं बोलला', 'उलटं बोलला', 'अर्धंच खरं बोलला'. दिवसाला पाच उतारे, त्याहून जास्त नाही. एका पर्यायावर दहा-दहा मिनिटं गेली तरी चालतील, पण कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन महिन्यांनी वही चाळली तर माझ्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त 'बाहेरचं बोलला' या खात्यातल्या निघाल्या. शेती, पाणी, हवामान हे विषय आले की मला जे ठाऊक होतं ते मी उताऱ्यात वाचत होते. याउलट ज्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तिथे माझी उत्तरं बरोबर येत होती. तुमच्या चुका दुसऱ्या खात्यात जमतील. वही केल्याशिवाय ते कळणार नाही.

सरावाला उतारे कुठले, हा प्रश्न येतोच. आयोगाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि अधिकृत उत्तरतालिका फुकट आहेत, आधी त्याच संपवा. इन्फरन्समध्ये दोन पर्याय जवळजवळ सारखे वाटतात तेव्हा खासगी उत्तरतालिका आपसात जुळत नाहीत, आणि मग आपण चुकीचं कारण पाठ करून बसतो. यूपीएससीत उतारा हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो. मी दोन्ही वाचायची आणि वेळ गमवायची. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिट. कुठलीतरी एक भाषा पहिल्या दिवसापासून धरा.

परीक्षा बदलली की पावलाची लांबी थोडी बदलते. एमबीएच्या प्रवेशासाठीच्या कॅटमध्ये उतारे मोठे, चार-पाचशे शब्दांचे, विषय अनोळखी आणि त्या विभागाला वेळ ४० मिनिटं. तिथे एकाच वाक्यावर बोट ठेवता येत नाही, दोन परिच्छेद जोडून अनुमान काढावं लागतं. शिवाय 'खालीलपैकी कोणतं अनुमान काढता येणार नाही' असा उलटा प्रश्न आवडीने विचारतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, वाचनाच्या पेपरमध्ये, 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत गफलत होते. उतारा विधानाच्या विरुद्ध बोलत असेल तर 'फॉल्स', गप्प असेल तर 'नॉट गिव्हन'. तिथे चुकीला वजा गुण नाहीत, त्यामुळे ४० पैकी एकही जागा कोरी सोडू नका. सीसॅटमध्ये नेमकं उलट. दोन पर्याय बाद करता आले तर उत्तर द्या, एकही बाद होत नसेल तर सोडून पुढे जा. माझे ते चार प्रश्न आठवा.

पुढच्या वर्षी सीसॅट निघालं, मात्र पहिल्या, सामान्य अध्ययनाच्या पेपरने अडवलं. नंतर बँकेची परीक्षा दिली आणि आता पुण्यातच नोकरी करते. रविवारी सकाळी शास्त्री रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत सात-आठ जणांसोबत बसते. तिथे जाताना वाटेत एका जुन्या वाड्याच्या दारावर पाटी आहे, 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तीच विचारते, यातून काय निघतं? "चारनंतर वाजवली तर दार उघडतात," असं कुणीतरी म्हणतंच. पाटी तसं म्हणत नाही. चारनंतर काय होईल याबद्दल ती गप्प आहे.

गेल्या रविवारी परभणीहून आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मग 'च' दिसला की पर्याय काढूनच टाकायचा का?" नाही. हा नियम क्लासमध्येही सांगतात आणि त्यानेच घात होतो. मी तिला एक वाक्य दिलं, 'अनलेस'चं: तारण असल्याशिवाय ही बँक लहान शेतकऱ्याला कर्ज देत नाही. आणि दोन पर्याय. पहिला, तारण असलेल्या प्रत्येक लहान शेतकऱ्याला ही बँक कर्ज देते. दुसरा, ज्या लहान शेतकऱ्याला या बँकेने कर्ज दिलं त्याच्याकडे तारण होतंच.

दोन्ही पर्याय ठाम आहेत. तिने आधी दोन्ही खोडले. मग 'शिवाय' आणि 'नाही' या दोन शब्दांखाली रेघा ओढल्या, बराच वेळ बघत राहिली आणि दुसऱ्यावरची काट खोडरबराने पुसली. "पहिला म्हणजे तुमची ती बेलची पाटी," ती म्हणाली. "तारण असूनही बँक नाही म्हणू शकते."