व्हीटॅममध्ये अ‍ॅप्लिकेशनचं नाव ठरवताना

नाशिकहून मेनफ्रेमकडे (आयबीएमच्या मोठ्या संगणकांकडे) वळणारी मुलं कोबोल (प्रोग्रॅमिंगची भाषा), जेसीएल (जॉब चालवायची भाषा), सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) शिकून येतात. व्हीटॅमशी, म्हणजे मेनफ्रेमवरचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी, गाठ पडते ती प्रोजेक्टवर गेल्यावर, तीही रिजन (सीआयसीएसची चालती प्रत) वर येत नाही तेव्हा. अशा वेळी आधी नावं तपासा.

एसवायएस१.व्हीटॅमएलएसटी या लायब्ररीमध्ये एक मेंबर (फाइल) असतो, तोच मेजर नोड, म्हणजे व्याख्यांचा गट. त्यात वर व्हीबिल्ड टाइप=एपीपीएल आणि खाली प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचं एपीपीएल स्टेटमेंट. पहिल्या कॉलमपासून लिहिलेलं लेबल म्हणजे नेटवर्कमधलं नाव. एसीबीनेम हे दुसरं नाव. प्रोग्रॅम एसीबी (व्हीटॅमशी जोडणीचा कंट्रोल ब्लॉक) उघडताना तेच देतो. एक पाळण्यातलं, एक हाक मारायचं. एसीबीनेम दिलंच नाही तर लेबलच धरलं जातं.

दोन नावं कशाला? लेबल अख्ख्या नेटवर्कमध्ये एकमेव लागतं, एसीबीनेम फक्त आपल्या डोमेनमध्ये, म्हणजे एका व्हीटॅमच्या ताब्यातल्या भागात. टीएसओचं (लॉगॉन करून थेट काम करायच्या सॉफ्टवेअरचं) एसीबीनेम प्रत्येक सिस्टिमवर टीएसओच असतं, म्हणून लेबलं वेगळी ठेवावी लागतात. सीआयसीएसला मात्र दोन्ही सारखीच ठेवा. वेगळी ठेवली तर स्वतःच्या सिस्टिमवरून लॉगॉन होतं, शेजारच्या सिस्टिमवरून होत नाही, आणि सगळे लाइनला दोष देत बसतात. मेंबरचं नाव मात्र आतल्या कुठल्याही लेबलसारखं नको.

नाव जास्तीत जास्त ८ अक्षरांचं, सुरुवात आकड्याने नाही, हायफन-अंडरस्कोर चालत नाहीत. आयएसटीने सुरू होणारी नावं व्हीटॅमची. नावात एनएसके, पीयूएन असं शहर घालायचा मोह टाळा. रिजन दुसऱ्या डेटा सेंटरला गेला की नाव खोटं पडतं, आणि ते बदलायचं तर सीआयसीएसच्या जोडण्या, लॉगॉन पडदे, रॅकफ या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचे नियम सगळंच उकरावं लागतं.

ओळ पुढे न्यायची तर स्वल्पविराम, ७२व्या कॉलममध्ये खूण, पुढची ओळ १६व्या कॉलमपासून. मध्ये एक स्पेस पडली की तिथून पुढचं कॉमेंट धरलं जातं. पार्सेस=यस (समांतर सेशनची परवानगी) असं गळालं तर तक्रार येत नाही; समांतर सेशन जुळत नाहीत तेव्हाच कळतं.

मेजर नोड अ‍ॅक्ट (सुरू) केल्यावर डी नेट,आयडी=नाव,ई ही कमांड द्या. स्थिती सीओएनसीटी दिसली तर व्याख्या ठीक आहे, प्रोग्रॅमने अजून एसीबी उघडलेला नाही. एसीटीआयव्ही म्हणजे उघडलाय. सीआयसीएसने डीएफएचएसआय१५७२ हा संदेश दिला तर त्यातला एसीबी कोड वाचा. ५ए म्हणजे त्या नावाची सक्रिय व्याख्या सापडली नाही: मेजर नोड वर नाही, किंवा एसआयटीतला (सीआयसीएसच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या तक्त्यातला) अ‍ॅप्लआयडी, म्हणजे रिजनचं नाव, आणि एसीबीनेम जुळत नाही. ५८ म्हणजे त्याच नावाने दुसरं कोणी आधीच उघडून बसलंय. बहुधा रिजनची जुनी प्रत.

तारांकित मॉडेल नाव (तारेच्या जागी कुठलीही अक्षरं चालतात) सोयीचं. पण अ‍ॅप्लआयडीतलं चुकलेलं अक्षरही त्यात बसून जातं, ५ए येतच नाही. प्रॉडक्शनला पूर्ण नावं लिहा, आणि चाचणीचा मेजर नोड वेगळा ठेवा. व्याख्या बदलायला नोड इनअ‍ॅक्ट (बंद) केला की त्यातलं सगळंच खाली येतं. नोड सुरुवातीलाच वर यायला हवा असेल तर त्याचं नाव एटीसीकॉन मेंबरमध्येही (व्हीटॅम सुरू होताना वर आणायच्या नोडच्या यादीत) घाला. हे राहिलं की पुढच्या आयपीएलनंतर (सिस्टिम पुन्हा सुरू झाल्यावर) पुन्हा ५ए.