कॅलेंडरवरून भरती-ओहोटीची वेळ

मुंबईत संध्याकाळी चौपाटीवर जावं आणि नेमकी भरती असावी, म्हणजे चालायला वाळूच उरत नाही. घरातल्या कॅलेंडरवरची तिथी बघून निघा.

१. तिथीचा आकडा पाऊणने गुणा. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे १५.
२. उत्तर ही पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर ५ × पाऊण = पावणेचार. दुपारी आणि पहाटेही, साधारण तीच.
३. त्यात सहा तास मिळवा, की ओहोटी.

अष्टमीला भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणून तेव्हा जुहूला फिरायला जाण्यात मजा नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते, पाणीही खूप आत जातं. ऐसपैस वाळू, वर सूर्यास्त. हे दिवस चुकवू नका! वांद्र्याच्या खडकांतले खेकडे, शंख मुलांना दाखवायचे तर ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे पाणी उतरत असताना निवांत बघता येतं.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खडकांवर किंवा हाजी अलीच्या वाटेवर जायचं असेल तर त्या दिवसाचं छापील वेळापत्रकच पाहा, आणि पाणी चढायला लागताच परत फिरा. पावसाळ्यात खडकांवर उतरूच नका.