पॅलिएटिव्हमध्ये नवीन येताय? इंदूरमधला माझा अनुभव

बीएस्सी नर्सिंग झाल्यावर दोन वर्षं आयसीयूत होते, मग इथेच इंदूरला एका पॅलिएटिव्ह केअरच्या टीमबरोबर, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या टीमबरोबर, घरोघरी पेशंट बघायला जायला लागले. ज्युनियर मुली सारखं विचारतात, ताई पेशंट तर जाणारच असतो ना मग आपण नेमकं करायचं काय? म्हणून लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाका, हे काम फक्त शेवटच्या चार दिवसांचं नाहीये. कॅन्सर तर आहेच पण हार्ट फेल्युअर, किडनी, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), पार्किन्सन हेही पेशंट असतात, आणि किमो चालू असतानाही आपण जाऊ शकतो, उलट लवकर गेलेलं बरं.

आणि सुरुवात धीर देण्यापासून करू नका, दुखण्यापासून करा. माणूस कळवळत असताना त्याला कसला धीर देणार!

रामबागेत एक काकू होत्या, ब्रेस्टचा कॅन्सर मणक्यात गेलेला, कुशीवर वळायचं म्हटलं तरी ओरडायच्या. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या. साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो म्हणून ती दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखायला लागायची वाट बघायची नाही, आणि रात्री मधेच उठवायला लागू नये म्हणून झोपताना डबल डोस. हे सगळं मी मुलाला नीट समजावलं, कागदावर लिहूनही दिलं. तीन दिवसांनी गेले तर काकू पहिल्यासारख्याच कण्हत होत्या. मुलाने देवघराखालच्या कपाटातून स्टीलचा डबा काढला, गोळ्या जवळपास तशाच! म्हणाला, "ताई, आत्ताच सगळं देऊन टाकलं तर शेवटी काय देऊ?"

हे तुम्हाला घरोघरी दिसेल. मॉर्फिन म्हणजे आता संपलं, किंवा सवय लागेल, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याला शेजारी बसवून सांगितलं की दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवू शकतात, त्यासाठी आत्ता वाचवून ठेवायची गरज नाही. मग पटलं त्याला. पण त्याच आठवड्यात काकूंनी स्वतःहून गोळी बंद केली, कारण चार दिवस पोट साफ नव्हतं. ही चूक माझी. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं, आणि ते चालू आहे ना हे मी विचारलंच नव्हतं. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत थांबते, बद्धकोष्ठता थांबत नाही. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ही गोळी पूर्वी मिळणंच महामुश्किल होतं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यामुळे इतकी लायसन्सं लागायची की हॉस्पिटलं ठेवायचीच नाहीत, २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ते सोपं झालं. पॅलिएटिव्ह केअरमधल्या केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलंय.

दुसरी अडचण म्हणजे "त्यांना काही सांगू नका हं". पेशंटला आजाराचं कळू नये म्हणून घरचे दारातच, चपला काढता काढता सांगतात. भांडू नका, तेही प्रेमापोटीच म्हणत असतात. मी खोटं बोलणार नाही पण स्वतःहून काही बोलणारही नाही, एवढं घरच्यांना सांगते आणि आत जाऊन पेशंटला विचारते, तुम्हाला काय वाटतंय, कशामुळे होतंय हे? काकू म्हणाल्या, "मला सगळं माहितीये गं, पोराला सांगू नकोस." मग दोघांना समोरासमोर बसवलं, आधी रडले, मग बँकेच्या पासबुकांचं बोलणं झालं.

बाकी जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची पावडर, बेडसोर होऊ नये म्हणून दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, हे सगळं सीनियरबरोबर फिरून हाताने शिका. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचे सर्टिफिकेट कोर्स आहेत, नर्सेससाठीही आहे, तो कराच, पण सोबत घरी जाणंही चालू ठेवा.

आणि पेशंट गेल्यावर एकदा तरी त्या घरी जा. मी तेराव्यानंतर गेले तेव्हा मुलाने तोच डबा आणून समोर ठेवला. उरलेल्या गोळ्या आम्ही दोघांनी बसून मोजल्या, अकरा निघाल्या, मी रजिस्टरला लिहिल्या. मग त्याने चहा टाकला आणि तासभर आईबद्दल बोलत बसला.