पहिली नोकरी लागली, आता हे कशासाठी? पहिल्या वर्षात उत्तर शोधायची रीत

डिप्लोमा संपवून चाकणच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून पार्ट बनवतात तिथे) ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा असो, नाहीतर हिंजवडीत टेस्टिंगच्या टीममध्ये बसलेली मुलगी असो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दोघांनाही एकच प्रश्न पडतो. पगार सुरू झालेला असतो, घरी पेढे वाटून झालेले असतात, तरी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना आतून रिकामं वाटतं. बहुतेकांना वाटतं, आपलं क्षेत्रच चुकलं. कधी ते खरंही असतं. पण त्याआधी दुसरं एक कारण तपासून बघायला हवं.

शाळा-कॉलेजची पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्याने आखून दिलेली असतात. सेमिस्टर, सबमिशन, परीक्षा, निकाल, सुट्टी. काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि ते जमलं की नाही, हे तिन्ही बाहेरून कळतं. नोकरीत ही आखणी एका दिवसात जाते. काम रोज येतं, पण "हे संपलं" असं कुणी सांगत नाही, गुणपत्रिका मिळत नाही, आणि सोबतचा ग्रुप पाच शहरांत पांगलेला असतो. ही आखणी गेल्याची पोकळी आणि चुकीच्या कामाची पोकळी सुरुवातीला अगदी सारखी लागते. म्हणून आधी आखणी पुन्हा उभी करायची, आणि मगच कामाबद्दल निवाडा करायचा.

आधी झोप, जेवण आणि दोन माणसं

कॉट बेसिसवर चार जणांची खोली, पाळी दर आठवड्याला बदलणारी, मेस रात्री साडेनऊला बंद. या अवस्थेत आयुष्याच्या हेतूवर विचार केला तर उत्तर काळंच येणार. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, हा नियम कागदावर लिहून ठेवा. त्या आठवड्यात कानात घालायचे बोळे आणि खिडकीला जाड पडदा यांवर केलेला खर्च कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा जास्त कामाचा आहे.

दोन माणसं ठरवा: एक कामावरचं, ज्याच्यासोबत रोज डबा खाल, आणि एक कंपनीबाहेरचं, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा नीट बोलाल. ही साधी व्यवस्था लागल्यावर प्रश्न सुटत नाही, पण सौम्य नक्की होतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जीव नकोसा वाटतो, अशी स्थिती असेल तर इथलं पुढचं सगळं बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधी तिथे फोन करा.

तीन आठवड्यांची वही

आता मुख्य काम. शंभर पानी साधी वही घ्या. रोज पाळी सुटल्यावर, खोलीवर पोचायच्या आत, दहा मिनिटं. चार रकाने: काय केलं, किती वेळ गेला, अंगात जोर आला की गेला, आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं. जोराच्या रकान्यात फक्त अधिक किंवा उणे चिन्ह. दिवसाला तीन-चार ओळी पुरतात.

तीन आठवडे एवढ्यासाठी की तिन्ही पाळ्या त्यात येतात. एकाच आठवड्याची वही पाळीचा हिशोब सांगते, कामाचा सांगत नाही. आयटीत असाल तर एक रिलीजचा आठवडा आणि एक निवांत आठवडा त्यात यायला हवा. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टची वाट बघत, बसलेल्यांनीही लिहावं. काम नसताना हात आपोआप कशाकडे जातो, हे तेव्हाच सर्वांत स्वच्छ दिसतं.

प्रेस शॉपमधल्या ट्रेनीचं एक पान असं दिसेल (बर म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धातूची धारदार कड, पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारं हत्यार, गेज म्हणजे माप तपासायचं साधन):

मंगळवार, दुसरी पाळी.
ब्रॅकेटचे शंभर नग तपासले. दोन तास. उणे. असेंब्लीच्या.
बर कुठून येतोय ते शोधलं. पंच बोथट झाला होता. पाऊण तास. अधिक. असेंब्लीच्या, टूलरूमच्या.
एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरले. एक तास. उणे. माहीत नाही.
नव्या ऑपरेटरला गेज कसा धरायचा ते दाखवलं. वीस मिनिटं. अधिक. त्याच्या.

इथे एक चूक हमखास होते. लोक क्रियापदांऐवजी विशेषणं लिहितात: "बोअर दिवस", "चांगला दिवस". त्यातून काही निघत नाही. "शोधलं", "दाखवलं", "जुळवलं", "समजूत काढली" असे शब्द लिहिले तर एकवीस दिवसांनी मोजता येतात. दुसरी चूक म्हणजे रविवारी बसून आठवडाभराचं एकदम लिहिणं. शनिवारी साहेब ओरडले असतील तर सोमवारही उणे होतो.

शेवटी अधिक चिन्हाच्या ओळींतली क्रियापदं मोजा. वरच्या पानावरून दिसतं की या मुलाला तपासणी नकोशी आहे, पण बिघाडाचं मूळ शोधताना आणि शिकवताना त्याला जोर येतो. हीच दोन क्रियापदं टूलरूममध्ये, आयटीआयच्या कार्यशाळेत, सर्व्हिस इंजिनिअरच्या कामात आणि स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्येही सापडतील. "मेकॅनिकल की आयटी की सरकारी" या वादापेक्षा ही नोंद फार पुढे नेते.

कामाचं दुसरं टोक बघून या

चौथ्या रकान्यात "माहीत नाही" किती वेळा आलं? बरेचदा हेतू हरवलेला नसतो, तो दोन विभाग पलीकडे असतो आणि ट्रेनीला तिथे कुणी नेलेलं नसतं. विल्यम डेमन हे मानसशास्त्रज्ञ तरुणांच्या हेतूची व्याख्या करताना दोन अटी एकत्र ठेवतात: गोष्ट स्वतःला अर्थपूर्ण वाटली पाहिजे आणि तिचा परिणाम स्वतःच्या पलीकडच्या जगावर झाला पाहिजे. पलीकडचं जग पाहिलंच नसेल तर दुसरी अट पुरी होणार कशी?

त्या ब्रॅकेटचंच घ्या. भोकाच्या कडेला राहिलेला बर नखाला जेमतेम लागतो. पण त्या भोकातून वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) जाणार असेल तर गाडीच्या थरथरीने ती कड वायरचं आवरण हळूहळू खाते, आणि कधीतरी शॉर्ट होतं. मग रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली गाडी आणि आत बसलेलं कुटुंब. शंभर नगांच्या तपासणीचं दुसरं टोक ते आहे. हे पोस्टरवर वाचून पटत नाही. सुपरवायझरना सरळ विचारा: "सर, आपला पार्ट पुढे कुठे बसतो, एकदा बघायला जाऊ का?" अर्धा दिवस मागा. नकार आला तर ग्राहक-तक्रारीचा एखादा जुना रिपोर्ट मागा, परत आलेला पार्ट हातात घेऊन बघा.

सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांसाठीही रीत तीच. हॉस्पिटलच्या बिलिंगचं मॉड्यूल असेल तर एखाद्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज काउंटरपाशी तासभर उभे राहा. पेशंटचे नातेवाईक फाइल धरून किती वेळ थांबतात आणि पडद्यावर काय अडतं, ते बघा.

दुसरं टोक पाहून आल्यावरही मन हललं नाही, तर ती माहितीही मोलाची आहे. आणि दुसऱ्या टोकाला लोकांचं नुकसान होताना दिसलं, म्हणजे खोटी रीडिंग भरायला सांगतात किंवा म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारायला सांगतात, तर तिथे हेतू शोधत बसू नका. बाहेर पडायच्या तयारीला लागा.

पैशाचा तळ

हेतूच्या चर्चेत पैसा आणणं हलकं समजतात. आमच्या मते पैशाचा हिशोब नसलेला हेतू दोन महिन्यांत मोडतो, आणि त्याचा दोष माणूस स्वतःला देतो. सीटीसीवरून, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यावरून, काही ठरवू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. तुमच्या वाट्याचा पीएफ साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापला जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० (स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफ). हातात येणारी रक्कम तीच खरी.

समजा २२,००० हातात येतात. कॉट ४,५००, मेस ३,५००, प्रवास १,५००, फोन ५००, किरकोळ २,०००. झाले १२,०००. घरी ५,०००. उरले ५,०००. बाहेर पडून दुसरं काही करून बघायला तीन महिन्यांचा खर्च गाठीला हवा, घरचे धरून ५१,०००. म्हणजे साधारण अकरा महिने. पहिल्या वर्षात राजीनामा देऊ नये असं मोठी माणसं म्हणतात, त्याला हे साधं गणित कारण आहे. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत जाऊन हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते विचारून याच हिशोबात धरा. अभ्यासक्रम संपल्यावर बहुधा वर्षभराची सवलत मिळते आणि त्या काळातही व्याज चढत असतं.

छोट्या चाचण्या

वहीतून दोन-तीन दिशा निघाल्या की त्यांवर नुसता विचार करू नका, वाढत्या आकाराच्या चाचण्या घ्या. पहिली अर्ध्या तासाच्या गप्पांची: ते काम करणाऱ्या माणसाला "कसं वाटतं?" असं विचारू नका, "गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारा. दुसरी एका सुट्टीच्या दिवसाची, तिथे जाऊन बघायची. तिसरी सहा रविवारांची, हाताने काम करायची. शिकवताना जोर येतो असं वहीत दिसलं, तर सहा रविवार वस्तीतल्या दहा मुलांना गणित शिकवा. चौथ्या रविवारी मुलं आली नाहीत तरी जावंसं वाटलं का, हा त्या चाचणीचा खरा निकाल.

सामाजिक कामाची ओढ असलेल्यांसाठी महाराष्ट्रात चांगल्या जागा आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये २००६ साली सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम नेमका याच प्रश्नावर काम करतो, निवड झालेल्या तरुणांची शिबिरं घेतो. बाबा आमटे यांनी सुरू केलेली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी उन्हाळ्यात भरते. सुट्टी साठवून जाता येतं. हातांनी यंत्र घडवायचं असेल तर पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. प्रशासनात डोकावायचं असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप आहे. वयाची अट २१ ते २६ आणि एक वर्षाचा अनुभव अशी राहिली आहे, पण त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

स्पर्धा परीक्षेबद्दल थोडं सविस्तर, कारण नोकरीत पोकळ वाटलं की सर्वांत आधी हाच रस्ता दिसतो. एमपीएससीची ओढ खरी असू शकते. पण अभ्यासिकेचं आकर्षण बरेचदा हरवलेल्या आखणीचं असतं: अभ्यासक्रम ठरलेला, तारीख ठरलेली, सोबत बसणारा ग्रुप, शेवटी यादीत नाव. कॉलेज परत मिळतं. हे ओळखायची कसोटी सोपी आहे. रजा काढून एक दिवस तालुक्याच्या तहसील कचेरीत घालवा. दाखल्यांची रांग, फेरफारावरच्या हरकती, बांधावरून भांडत आलेले दोन भाऊ, पावसाळ्यात पंचनाम्यांचा ढीग. नायब तहसीलदारांचा मंगळवार असा असतो. ते बघून तुमचा हात त्या फायलींकडे गेला, तर जरूर तयारी करा. फक्त यादीतलं नाव आणि गावातली मिरवणूक दिसली, तर थांबा. राज्यसेवेची खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे वय लवकर "बस" म्हणत नाही. किती प्रयत्न आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे पहिल्या दिवशीच लिहून आईबाबांना दाखवा.

घरच्यांशी बोलतानाही तारीख उपयोगी पडते. "मला हे आवडत नाही" म्हटलं की आई रात्रभर जागी राहते. "आई, पुढच्या जूनपर्यंत इथेच आहे, तोवर दोन गोष्टी बघतोय, जूनमध्ये बसून ठरवू" हे तिला कळतं आणि तुम्हालाही बांधून ठेवतं.

स्वतःचं सेमिस्टर

जुलै ते डिसेंबर, जानेवारी ते जून. प्रत्येकात तीनच गोष्टी: एक कौशल्य, दाखवता येईल इतपत, कामाच्या दुसऱ्या टोकाला एक भेट, एक चाचणी. सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: मी अमुक करतो, म्हणजे अमक्याला तमुक होतं. "समाजासाठी काहीतरी करायचंय" हे या साच्यात बसत नाही, आणि बसत नाही तेच बरं. "मी बर येण्याचं मूळ शोधतो, म्हणजे असेंब्लीवरच्या ताईंचे हातमोजे फाटत नाहीत आणि वायर सोलत नाही" हे बसतं, आणि झालं की नाही ते शुक्रवारपर्यंत कळतं. सहा महिन्यांनी वाक्य खोडून नवं लिहिलं तरी चालेल. सलग दोन सेमिस्टर तेच वाक्य टिकलं, तर त्यावर पुढची तीन-चार वर्षं लावायला हरकत नाही.

दोन्ही वेळा वाक्य लिहिताच आलं नाही, तर नेमणूकपत्र काढा. नोटीस ३० दिवसांची आहे की ९० ची, बाँड किती रकमेचा आणि कधीपर्यंतचा, ते वाचा. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेव म्हणून दिल्या असतील तर आधी परत घ्या. पीएफचा यूएएन क्रमांक पुढच्या नोकरीतही तोच राहतो, त्यामुळे पीएफ काढून टाकू नका, वळवून घ्या. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत जुन्या साहेबांशी गोडीने राहा. आणि नोटीसच्या शेवटच्या आठवड्यात एक पान लिहा: कुठल्या डायला (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला) किती स्ट्रोकनंतर बर यायला लागतो, पंच कधी बदलायला लागला, टूलरूममध्ये कुणाला भेटायचं. तुमच्या जागी येणाऱ्या ट्रेनीसाठी ते गेजच्या पेटीत ठेवून जा.